राऊटरच्या लॉगमध्ये रोज रात्री कनेक्शन फेल दिसतंय, कोणी वायफायमध्ये घुसायला बघतंय का?

कोपरीकर:
मंडळी जरा मदत हवीये. ठाण्यात राहतो, बिल्डिंगमध्ये फ्लॅट चिकटून चिकटून आहेत, घरात फोन उघडला की शेजारपाजारचे डझनभर वायफाय दिसतात. स्पीड फार पडत होता म्हणून गेल्या महिन्यात पासवर्ड बदलला, आणि आता राऊटरचा लॉग (कोण कधी जोडलं त्याची नोंद) उघडला तर एकच मॅक अ‍ॅड्रेस (म्हणजे डिव्हाइसचा ओळख क्रमांक) सारखा कनेक्ट व्हायला बघतो आणि फेल होतो, संध्याकाळी सुरू होतं ते पार रात्रीपर्यंत. शिवाय कनेक्ट झालेल्यांच्या लिस्टमध्ये एक डिव्हाइस आहे ज्याला नावच नाहीये. बाबा नेटबँकिंग वापरतात, पेन्शन त्याच खात्यात येते, त्यामुळे टेन्शन आलंय. मॅक फिल्टर लावू का, म्हणजे ठरावीक मॅक अ‍ॅड्रेसच आत येतील? वायफायचं नाव लपवलं तर उपयोग होईल का? सेटिंगमध्ये सिक्युरिटी डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२ मिक्स्ड (जुनी आणि नवी दोन्ही) आहे, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय) चालू आहे, पासवर्ड बाबांचा मोबाईल नंबर ठेवलाय म्हणजे त्यांच्या लक्षात राहतो.

तारायंत्र:
लॉगमध्ये जे फेल होतंय त्याला घाबरू नका. तुम्ही पासवर्ड बदललात ना, मग आधी ज्याच्याकडे जुना पासवर्ड होता त्याचा फोन अजूनही रेंजमध्ये आला की आपोआप जुनाच पासवर्ड लावत बसतो, त्या माणसाला पत्ताही नसतो. संध्याकाळी सुरू होतं म्हणजे कोणीतरी कामावरून घरी आलं असणार, बहुतेक शेजारी किंवा तुमचाच कपाटातला जुना टॅब.

काळजी करायची गोष्ट पुढे आहे, मोबाईल नंबरचा पासवर्ड आजच्या आज काढा. ज्याला खरंच घुसायचंय तो तुमच्या राऊटरवर एकेक पासवर्ड टाकून बघत नाही. डब्ल्यूपीए२ मध्ये फोन आणि राऊटर जोडले जाताना जी देवाणघेवाण होते ती हवेतच असते, तो बाहेर बसून तेवढी पकडतो, वेळ पडली तर तुमचा फोन मुद्दाम डिसकनेक्ट करून परत जोडायला लावतो, आणि मग घरी जाऊन स्वतःच्या कॉम्प्युटरवर अंदाज लावत बसतो. ते अंदाज तुमच्या लॉगमध्ये कधीच दिसणार नाहीत. आपल्याकडचे मोबाईल नंबर १० आकडी, पहिला आकडा ६ ते ९, म्हणजे झाले जास्तीत जास्त ४०० कोटी, चांगल्या ग्राफिक्स कार्डला हे काही तासांचं काम आहे. आणि शेजाऱ्याकडे बाबांचा नंबर असेल तर तेवढंही नको!

पासवर्ड ८ पासून ६३ अक्षरांपर्यंत चालतो, तर एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरात जोडून लिहा, गाणं म्हण देवाचं नाव असलं काही नको. बाबांसाठी कागदावर लिहून कपाटाच्या आतून चिकटवा, धोका भिंतीपलीकडून आहे, कपाट उघडणाऱ्याकडून नाही.

डब्ल्यूपीएस बंद करा. त्याचा ८ आकडी पिन राऊटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, म्हणून १० कोटींऐवजी फार तर ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्येच उघड झालंय. नवीन राऊटर काही चुकांनंतर पिन लॉक करतात पण सगळे नाही.

मॅक फिल्टर आणि नाव लपवणं यात वेळ घालवू नका. मॅक अ‍ॅड्रेस हवेत उघडाच असतो, कोणीही कॉपी करतो. लपवलेलं नाव तुमचाच फोन कनेक्ट होताना सांगून टाकतो.

सागरगोटा:
नाव नसलेलं डिव्हाइस तुमच्याच घरातलं असू शकतं. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनवलेला मॅक देतात. त्या अ‍ॅड्रेसचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनवलेला समजा. खात्री करायला घरातल्या एकेका वस्तूचं वायफाय बंद करत जा आणि लिस्टमधून कोण गायब होतंय ते बघा, टीव्ही विसरू नका.

आणि राऊटरच्या सेटिंग पेजचा पासवर्ड बदललाय का? बऱ्याच घरी फायबरवाला लावून गेला तोच असतो, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन. बँकेची साइट एन्क्रिप्टेड असते, नुसतं वायफायवर येऊन कोणी बाबांचा पासवर्ड वाचू शकत नाही, पण राऊटरच हातात गेला तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून खोट्या साइटवर पाठवता येतं. तेव्हा तो बदला, आणि इंटरनेटकडून राऊटर उघडायची रिमोट मॅनेजमेंट चालू असेल तर बंद करा.

वाशीचा पूल:
माझं वायफाय, वापरलं कोणी तर काय बिघडतं असं म्हणणारे पुष्कळ भेटतात म्हणून लिहितोय. २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी त्यांची जबाबदारी घेणारा जो ईमेल आला तो नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घराच्या वायफायवरून गेला होता. पोलीस आयपी अ‍ॅड्रेसवरून (इंटरनेट कनेक्शनचा क्रमांक) थेट त्या घरी पोचले, त्या माणसाची चौकशी झाली, घरातले कॉम्प्युटर तपासायला नेले. नंतर त्याचा संबंध नाही हे स्पष्ट झालं, पण तोवर जे सोसायचं ते त्यानेच सोसलं. कनेक्शन ज्याच्या नावावर, त्याच्याच दारात पहिली बेल वाजते.

कोपरीकर:
खूप आभार सगळ्यांचे! डब्ल्यूपीएस बंद, दोन्ही पासवर्ड बदलले. नाव नसलेलं डिव्हाइस आईचा फोन निघाला, दुसरं अक्षर ई. सिक्युरिटी डब्ल्यूपीए३ (डब्ल्यूपीए२ च्या पुढची) केली तर प्रिंटर कनेक्टच होत नाहीये, त्याला गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) टाकू का?

तारायंत्र:
प्रिंटर गेस्टवर नको, गेस्टवरची वस्तू सहसा घरच्या लॅपटॉपला दिसत नाही, प्रिंट निघणार नाही. राऊटरमध्ये डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ असा पर्याय असेल तर तो लावा, तरीही अडलं तर राऊटरच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर डब्ल्यूपीए२ एईएस (एईएस हा एन्क्रिप्शनचा प्रकार) आणि ५ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए३ ठेवा. पासवर्ड लांब आहे तोवर डब्ल्यूपीए२ चालेल, फक्त जुनं मिक्स्ड डब्ल्यूपीए परत लावू नका. गेस्ट नेटवर्क पाहुण्यांना आणि कॅमेरा वगैरे असेल तर त्याला द्या, फोनवरून कॅमेरा बहुतेक त्याच्या अ‍ॅपमधून चालतोच.