मदत हवी आहे : औषधी तेलाच्या बाटल्यांचे गाल आत ओढले जात आहेत

वारणाकाठ
नमस्कार. सांगलीजवळ आमचा सांधेदुखीचे तेल तयार करून भरण्याचा लहान परवानाधारक उद्योग आहे. गेल्या दोन महिन्यांपासून १०० मिलीच्या बाटल्यांचे दोन्ही गाल (सपाट बाजू) आत ओढले जात आहेत, त्यामुळे लेबलाला सुरकुत्या पडतात आणि दुकानदार खोकीच्या खोकी परत पाठवत आहेत. तेल तेच आहे, झाकण तेच आहे आणि भरण्याचे यंत्रही तेच आहे. पुरवठादार म्हणतो की बाटली उत्तम असून दोष तेलाचा आहे. येत्या सोमवारी पुढील मालाची मागणी नोंदवायची असल्याने कृपया नेमका उपाय सांगावा.

साचेकार
उपायाआधी काही गोष्टी विचाराव्या लागतील. बाटली कोणत्या प्लॅस्टिकची आहे? रिकाम्या बाटलीचे वजन किती भरते? गाल दुसऱ्या दिवशीच आत जातात की महिन्याभराने? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की अर्धे निदान झाले असे समजा.

काचपात्र
आयुर्वेदिक तेलाला काचेसारखे दुसरे भांडे नाही. आमच्या घरच्या औषधशाळेत तीस वर्षे तपकिरी काचच वापरली जाते आणि गाल बसण्याचा प्रश्न आम्हाला कधीही आला नाही. सोमवारची मागणी काचेचीच नोंदवा.

फिरता विक्रेता
काचेची खोकी घेऊन मी मराठवाड्यातील रस्त्यांवर अकरा वर्षे फिरलो आहे. एक बाटली फुटली की तेल झिरपून पूर्ण खोक्याची लेबले जातात आणि तो माल दुकानदाराच्या दारातूनच परत येतो. काच चांगली असते हे मान्य आहे, परंतु तिचे वजन आणि फूट यांचा हिशेब कारखान्यात बसून कळत नाही.

जागरूक ग्राहक
केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये मसुदा अधिसूचना काढून लहान मुले, वृद्ध आणि गर्भवती स्त्रिया यांच्या पोटात घेण्याच्या पातळ औषधांसाठी पेट (पाण्याच्या बाटल्यांचे पारदर्शक प्लॅस्टिक) बाटल्या वापरण्यास मनाई करण्याचे सुचवले होते. पेट तयार करताना अँटिमनीचे संयुग वापरले जाते, त्याचा अंश औषधात उतरण्याबद्दलची ती चिंता होती. आपण हे पाहिले आहे का?

वारणाकाठ
माझी बाटली पेटची नाही आणि आमचे तेल पोटात घेण्याचेही नाही. बाटली पांढरी, अपारदर्शक आणि चपटी असून तळाशी त्रिकोणात २ हा आकडा आहे. तेल तिळाचे असून त्यात नेहमीचे घटक आहेत. काही बाटल्यांचे गाल दुसऱ्याच दिवशी बसतात, तर काहींचे महिन्या-दीड महिन्याने. वजन आम्ही कधी केलेले नाही, कारण बाटल्या नगावर येतात.

साचेकार
२ म्हणजे एचडीपीई, जास्त घनतेचे पॉलिथिलीन. आता आपण ज्यांना नेहमीचे म्हणता ते घटक कृपया नावानिशी सांगा, कारण सगळे तिथेच अडले आहे. हे प्लॅस्टिक पाण्याची वाफ चांगली अडवते, म्हणूनच गोळ्यांच्या डब्या त्याच्या असतात. मात्र कापूर, नीलगिरी, पुदिन्याची फुले (मेंथॉल) यांसारखे उडनशील पदार्थ त्याच्या भिंतीत शिरतात, भिंत फुगते, मऊ पडते आणि वास हळूहळू बाहेर जातो. शिवाय तेल आतल्या हवेतील प्राणवायू ओढून घेते, त्यामुळेही आतली पोकळी वाढते, म्हणजे हवेचा दाब कमी होतो.

बाटली कशी घडते हेही सांगतो. प्लॅस्टिकचा दाणा वितळून त्याची गरम नळी यंत्रातून खाली लोंबते, तिला आम्ही पॅरिसन म्हणतो. साच्याचे दोन भाग तिच्यावर मिटतात आणि आत हवा फुंकली की नळी फुगून साच्याला चिकटते. चपट्या बाटलीत नळीला कोपऱ्यांपर्यंत जास्त ताणावे लागते, म्हणून कोपरे पातळ राहतात, तर सपाट गाल आकारामुळेच दुबळे असतात. दाणा वाचवण्यासाठी कोणी बाटलीचे वजन उतरवले, तर ते डोळ्यांना दिसत नाही, पण गालाला कळते.

वारणाकाठ
गंधपुरा, नीलगिरी, कापूर आणि पुदिन्याची फुले, चारही आहेत. परंतु ती पूर्वीही होतीच. राखीव नमुन्यांतील मागील वर्षीची एक बाटली रिकामी करून, धुऊन, पुसून नव्या बाटलीसोबत तोलली. जुनी १४.२ ग्रॅम, नवी ११.१ ग्रॅम.

साचेकार
म्हणजे भिंतीची जाडी पाचव्या हिश्श्याहून अधिक घटली आहे. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे नव्या गालाची ताकद जुन्याच्या जवळपास निम्मी आहे. बाटली उत्तम असल्याचे पुरवठादाराने सांगितले तेव्हा हे वजन त्याला ठाऊक असलेच पाहिजे.

औषधनिर्माती
सर्व दोष बाटलीवर टाकण्याआधी एक विचारते : तेल भरताना त्याचे तापमान किती असते आणि झाकणाखाली फॉइलचे सील लावता का?

वारणाकाठ
सील लावतो. गाळून झाले की लगेच भरतो, तेव्हा ६० अंशांच्या आसपास असते. पूर्वी तेल रात्रभर टाकीत निवत असे, परंतु जानेवारीपासून मागणी वाढल्यामुळे त्याच संध्याकाळी भरणे सुरू केले. यंत्र तेच असल्याने हे लिहिण्याची गरज वाटली नाही.

औषधनिर्माती
ही माहिती पहिल्याच संदेशात हवी होती. ६० अंशांवर भरलेले १०० मिली तेल २५ अंशांपर्यंत निवताना साधारण अडीच मिलीने आकसते आणि वरची हवाही सुमारे दहाव्या हिश्श्याने आकसते. सीलमुळे बाहेरची हवा आत येत नाही, म्हणून तेवढी जागा गाल आत जाऊन भरून काढतात. दुसऱ्या दिवशी बसणाऱ्या बाटल्यांचे कारण हे आहे.

गाल बसलेल्या बाटलीचे झाकण काढून फॉइलला सुई टोचा. गाल बाहेर आला तर दोष पोकळीचा, आणि आतच राहिला तर भिंतच बदललेली आहे.

नवा मार्ग
आतून फ्लोरिन वायूची प्रक्रिया केलेली एचडीपीई बाटली घ्या. कीटकनाशकांसाठी ती सर्रास वापरतात आणि उडनशील पदार्थ तिच्या भिंतीत फारसे शिरत नाहीत.

औषधनिर्माती
औषधासाठी हा सल्ला मी देणार नाही. अशा बाटल्यांमधून पीएफएएस गटातील (फ्लोरिनयुक्त, सहज न विघटणारी) रसायने कीटकनाशकात उतरल्याचे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२१ मध्ये जाहीर केले आहे. त्वचेवर चोळायच्या तेलासाठी ती जोखीम कशाला घ्यावी?

नवा मार्ग
मग पेट घ्या. ताणून घडवलेल्या पेटच्या भिंतीत कापूर आणि नीलगिरी फार सावकाश शिरतात.

साचेकार
पेट विचारात घेण्याजोगे आहे, मात्र तपासल्याशिवाय नको. पेट बाटलीचा गळा आणि तळाचा मधला भाग ताणला जात नाही, आणि गंधपुऱ्याच्या तेलातील मिथाइल सॅलिसिलेट तिथे काय करते ते बाटली भरून ठेवूनच कळेल.

वारणाकाठ
सुईची चाचणी केली. परवा भरलेल्या दहाही बाटल्यांत सुई टोचताच बारीक फुस्स आवाज आला आणि गाल टक् करून जागेवर आले. सहा आठवड्यांपूर्वीच्या दहापैकी चार बाटल्यांचे गाल मात्र आतच राहिले. त्या अंगठ्याने दाबल्या तर मेणासारख्या मऊ लागतात आणि बाहेरूनही कापराचा वास येतो.

औषधनिर्माती
म्हणजे दोन्ही कारणे आहेत. उद्यापासून तेल खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय भरू नका, याला खर्च काहीच नाही. जुन्या वजनाची एचडीपीई, पेट आणि काच अशा तिन्ही बाटल्या भरून ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत ठेवा व दर आठवड्याला तोला. वजन घटत असेल तर आपले औषधच भिंतीतून निघून जात आहे, आणि लेबलवर लिहिलेले प्रमाण मुदत संपेपर्यंत राहणार नाही. मला गालापेक्षा याची काळजी अधिक वाटते.

साचेकार
मागणीपत्रात वजन लिहा : १४ ग्रॅम, अधिक-उणे अर्धा ग्रॅम, नवा दाणा. झाकणाखालची वॅड (झाकणाच्या आतली चकती) कापून पाहा, तीही फुगलेली असू शकते.

वारणाकाठ
वॅड कापली, कडेला फुगलेली आहे. सोमवारची मागणी थांबवली आहे. पुरवठादाराला दोन्ही बाटल्या तराजूवर ठेवलेली छायाचित्रे पाठवली आहेत. प्रत्येक प्रकारच्या २५ बाटल्या भरून तपासणीच्या कपाटात ठेवल्या आहेत, पहिले वजन पुढच्या रविवारी येथेच लिहितो.