हायब्रिड गाडीतून लॅपटॉप चालवायचा आहे, इन्व्हर्टर मध्येच बंद पडतो. मदत हवी

रानवाट
बेळगाव जिल्ह्यात जांबोटीच्या पुढं आमचं गाव. पाऊस लागला की लाईट जाते. कधी दोन तासांत येते, कधी दुसऱ्या दिवशी. माझं काम पुण्याच्या कंपनीचं, घरून. महिनाअखेरीला रात्रीपर्यंत पगाराच्या शीट पाठवायच्या असतात आणि लाईट नव्हती हे कारण तिकडं कोणी ऐकून घेत नाही. दारात हायब्रिड गाडी उभी आहे, म्हणून गाडीत बसून लॅपटॉप लावते. सॉकेटला लावायचा छोटा इन्व्हर्टर आणलाय. थोडा वेळ चालतो, मग पीं पीं करतो आणि बंद. काल तर गाडीच चालू झाली नाही, शेजाऱ्यांच्या गाडीवरून केबल लावून चालू करावी लागली. एवढी मोठी बॅटरी असलेल्या गाडीवर एक लॅपटॉप चालू नये? कोणता इन्व्हर्टर घेऊ ते सांगा. आज-उद्याच घ्यायचा आहे.

उद्यमबाग_इलेक्ट्रिक
ताई, इन्व्हर्टर कोणता ते नंतर बघू. गाडी कोणती? लॅपटॉपच्या चार्जरवर आउटपुट काय लिहिलंय? सॉकेटच्या झाकणावर किती वॅट? आणि लॅपटॉप चालू असताना गाडी चालू असते की नुसतं बटण दाबून बसता?

निपाणी_नाका
ताई, गाडीच्या नादाला लागूच नका. घरात चांगला इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपियर-तास) ट्युब्युलर बॅटरी बसवा. आमच्या वखारीत हेच आहे. पंखे, दिवे, सीसीटीव्ही, सगळं चालतंय. वर सोलरची दोन पॅनेलं टाकली की लै भारी.

चोर्ला_घाट
तो इन्व्हर्टर काढून टाका. मी बेळगाव-पणजी सतत करतो, लॅपटॉप कायम गाडीत चार्ज होतो आणि इन्व्हर्टर लागत नाही. सॉकेटला लावायचा टाइप-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी) कार चार्जर घ्या, ६५ वॅटचा. गाडीचे १२ व्होल्ट, त्याचे २३० करायचे, आणि मग लॅपटॉपच्या चार्जरने त्याचे परत १९ करायचे, हा उलटा धंदा कशाला? दोन्ही वेळा वीज उष्णतेत जाते.

सीमाभाग_कट्टा
गाडी एमएच-०९ आहे की केए-२२?

रानवाट
गाडी भावाची आहे. मॉडेल इथं टाकलेलं त्याला आवडणार नाही. चार्जरवर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपियर आहे. लॅपटॉपला टाइप-सी पण आहे. सॉकेटवर १२ व्होल्ट १२० वॅट. बटण दाबते, डॅशबोर्ड लागतो, इंजिन चालू करत नाही. उगाच पेट्रोल कशाला जाळायचं? आणि नुसता लॅपटॉप नाही, घरातलं इतरही थोडं चालवायचं आहे. नंबरप्लेटचा इथं काय संबंध?

संकेश्वर_स्टँड
मागं हायब्रिड लिहिलंय म्हणजे मोटरवर चालणारी हायब्रिड असं धरू नका. माझ्या गाडीवर पण लिहिलंय, पण ती माइल्ड. तिच्यात मोटर इंजिनाला फक्त मदत करते, गाडी एकटी ओढत नाही. इंजिन चालवल्याशिवाय काही मिळत नाही. तुमच्या गाडीत ईव्ही असं बटण आहे का? गाडी आवाज न करता सुटते का?

रानवाट
होय, बटण आहे. सुरुवातीला आवाजच येत नाही.

उद्यमबाग_इलेक्ट्रिक
म्हणजे स्ट्रॉंग हायब्रिड. आता घोळ कुठं आहे ते सांगतो.

तुमच्या गाडीत बॅटऱ्या दोन. मोठी बॅटरी चाकं फिरवणाऱ्या मोटरची. ग्रँड विटारा आणि हायरायडरच्या स्ट्रॉंग हायब्रिडमध्ये ती १७७.६ व्होल्टची आहे, साठा ०.७६ युनिट, म्हणजे पाऊण युनिट वीज. तुमचं सॉकेट तिला थेट जोडलेलं नाही. सॉकेट चालतं १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. या गाड्यांत साध्या गाडीसारखा इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर नसतो. छोटी बॅटरी मोठीकडून भरते, मध्ये व्होल्टेज उतरवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो, आणि तो काम करतो फक्त डॅशवर ‘रेडी’ आल्यावर. ब्रेक न दाबता बटण दाबलं की मोठी बॅटरी रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, तोडलेलीच राहते. तुमचा लॅपटॉप सगळा छोटीच्या जिवावर.

आता हिशोब करा. छोटी ३५ एएचची धरली तर कागदावर ४२० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे कामाचे २१० च. तुमचा चार्जर ६५ वॅटचा, इन्व्हर्टरचा खर्च धरून ७५. बॅटरी धडधाकट असती तर पावणेतीन तास मिळाले असते. तुमचा इन्व्हर्टर त्याच्या खूप आधी ओरडतो, म्हणजे बॅटरी अशीच खाली उतरून उतरून थकली आहे. व्होल्टेज साडेदहाच्या आसपास आलं की इन्व्हर्टर अलार्म देतो आणि मग स्वतःला तोडतो. तो त्याचं काम बरोबर करतोय. काल गाडी चालू झाली नाही तेही यामुळंच. मोठी बॅटरी भरलेली असली तरी तिचे रिले जोडायला आणि कॉम्प्युटर उठवायला १२ व्होल्टच लागतात.

ब्रेक दाबून गाडी रेडीत आणा, पार्कमध्ये ठेवा, हँडब्रेक लावा, एसी आणि हेडलाइट बंद करा. मोठी उतरली की इंजिन आपोआप लागेल, थोडी भरेल, आपोआप बंद होईल. साध्या गाडीचं इंजिन सलग चालू ठेवण्यापेक्षा पेट्रोल पुष्कळ कमी जातं.

शहापूर_गल्ली
असं सारखं चालू-बंद झालं तर स्टार्टर जाणार की ओ. काय सांगूलालाय त्यांना!

उद्यमबाग_इलेक्ट्रिक
यात वेगळा स्टार्टर नसतो. मोटर-जनरेटरच इंजिन फिरवतो. गावात गाडी चालवताना सुद्धा इंजिन असंच चालू-बंद होत असतं.

विजेवरची_गाडी
हायब्रिड म्हणजे दोन्हीकडून अर्धवट. नेक्सॉन ईव्हीला व्ही-टू-एल आहे, गाडीतूनच २३० व्होल्टचा प्लग मिळतो. आयोनिक ५ मधून तर ३.६ किलोवॅट. लॅपटॉपच काय, मिक्सर, पंप, सगळं चालेल. ही विकून ती घ्या.

निपाणी_नाका
जांबोटीच्या पुढं दुसऱ्या दिवशीपर्यंत लाईट नसते म्हणतायत त्या. ईव्ही चार्ज कशावर करणार? पावसावर?

विजेवरची_गाडी
भरलेली ईव्ही म्हणजे ४० युनिट दारात उभी. त्यातली चार वापरली तर गाडीला कळणारही नाही. तुमच्या ट्युब्युलरमध्ये पावणेदोन युनिट, ती पण पूर्ण उतरवली तर. आणि कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात जुलैत सोलर काय देणार? मलप्रभा तिथं उगवते, ऊन नाही.

निपाणी_नाका
जुलै सोडून वर्षाचे बाकीचे महिने असतात.

सीमाभाग_कट्टा
नंबरप्लेट यासाठी विचारली की गाडी कोल्हापूरची असेल आणि कायम खानापुरात राहत असेल, तर १२ महिन्यांनंतर इथला नंबर घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. आपल्याकडं निम्म्या घरांच्या गाड्या अशाच आहेत, सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडं एक भाऊ, पलीकडं एक. तपासणीत अडकला की आजन्म कर भरा, मग तिकडचा परत मागत फिरा.

चोर्ला_घाट
धागा चार्जरचा आहे. ताई, पीडी चार्जर मागवला का? केबल बघून घ्या. ६० वॅटच्या वर न्यायचं तर ५ अँपियरची, ई-मार्क चिप असलेली केबल लागते. मोबाइलची साधी केबल लावली तर लॅपटॉप ‘स्लो चार्जर’ म्हणून रडत बसेल. आणि लॅपटॉपचा टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेतो का ते बघा. सगळे घेत नाहीत, काही फक्त डेटाचे असतात.

उद्यमबाग_इलेक्ट्रिक
पीडी चार्जर चांगलाच, त्यात वाद नाही. पण गाडी रेडीत नसेल तर तोही तीच छोटी बॅटरी पिणार. आधी ते. आणि ताई, ‘इतर’ म्हणजे काय ते अजून सांगितलं नाही.

रानवाट
वायफायचा राउटर. आणि आईचं नेब्युलायझर. तिला दम्याचा त्रास आहे, पावसाळ्यात वाढतो, रात्री लाईट नसली की मला काही सुचत नाही. खरं म्हणजे मोठा इन्व्हर्टर त्यासाठीच हवा आहे. लॅपटॉपचं काम एक वेळ उद्यावर टाकता येईल.

चिकोडी_मेडिकल
ताई, हे सगळ्यात वर लिहायचं. मशीन कॉम्प्रेसरचं आहे का, डब्यासारखं, घरघर आवाज करणारं? तळाला स्टिकर असतो, त्यावर व्हीए किंवा वॅट काय लिहिलंय ते सांगा. आणि औषध कोणतं घालता?

रानवाट
हो, आवाज करणारं. २३० व्होल्ट, १५० व्हीए लिहिलंय. औषध डॉक्टरांनी दिलेल्या नळ्या, त्यातली एक दुधासारखी पांढरट असते.

उद्यमबाग_इलेक्ट्रिक
मग ते सॉकेटवर लावूच नका. १२० वॅट म्हणजे १० अँपियर. १५० ला १२ ने भागा, साडेबारा झाले, इन्व्हर्टरचा तोटा वेगळा, आणि कॉम्प्रेसर सुटताना त्याहून जास्त ओढतो. फ्यूज जाईल, आणि तोही नेमका आईंना गरज असेल तेव्हा. शिवाय सॉकेटवरचे स्वस्त इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरच्या लाईटसारखी वीज, देत नाहीत. लॅपटॉपचा चार्जर ते चालवून घेतो, पण कॉम्प्रेसरची मोटर तापते आणि गुणगुणते. त्यासाठी ३०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह लागेल. तो १२ व्होल्टच्या बॅटरीला थेट, बॅटरीजवळ फ्यूज टाकून, जाड वायरने. काही हायब्रिडांत ही बॅटरी डिकीत असते, मॅन्युअल बघा. गाडी वॉरंटीत असेल तर भावाला आधी विचारा. आणि बॉनेटमधल्या केशरी वायरींच्या, म्हणजे मोठ्या बॅटरीच्या जास्त व्होल्टच्या वायरींच्या, जवळपासही कोणी हात घालायचा नाही, गावातला कितीही हुशार वायरमन असला तरी.

चिकोडी_मेडिकल
मी वेगळं सुचवतो. आईंसाठी गाडीवर अवलंबून राहू नका. रात्री पावसात कॉर्ड ओढत बसणार का? सेलवर किंवा यूएसबीवर चालणारं मेश नेब्युलायझर मिळतं, हातात मावतं, पॉवर बँकवरही चालणारी असतात. मात्र ती पांढरट नळी बहुतेक बुडेसोनाइड, म्हणजे दम्याचं स्टेरॉइड, असावी, आणि तसलं गढूळ औषध प्रत्येक मेश मशीनला चालत नाही. नळी घेऊनच दुकानात जा. दुसरं, डॉक्टरांना विचारा की लाईट नसताना पंप (इनहेलर) आणि स्पेसर वापरला तर चालेल का. स्पेसर म्हणजे ती प्लॅस्टिकची नळकांडी. नीट शिकून घेतलं तर दम्याच्या पुष्कळ वेळा त्याने मशीनइतकंच काम होतं आणि वीज लागत नाही. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. पण आईंना एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मशीन शोधत बसू नका, १०८ ला फोन करा आणि गाडी खानापूरच्या दिशेनं काढा.

निपाणी_नाका
हे बरोबर. आईंचा विषय आधी. सोलरचं नंतर बघू.

संकेश्वर_स्टँड
राउटरला गाडी कशाला? राउटरचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, १२ व्होल्ट २ अँपियरचा, वहीएवढा पण नाही. राउटर आणि तुमच्याकडं फायबर असेल तर त्याची डबी, दोन्ही चालतात. राउटर थेट गाडीच्या सॉकेटला मात्र लावू नका. रेडीत असताना तिथं १४ व्होल्टच्या वर जातं.

कणकुंबीकर
फायबरचं काही सांगू नका आमच्या भागात. एक झाड पडलं की केबल गेली. मोबाइलची रेंज पण टॉवरचा डिझेल संपेपर्यंतच. मी पावसाळ्यात दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवतो, एक घरात धरते, एक रस्त्याच्या वळणावर.

शहापूर_गल्ली
ताई, एक विचारतो. पावसात गाडी उभी कुठं असते?

रानवाट
घराला लागून पत्र्याची शेड आहे, तिथं. झड आत येते म्हणून तीन बाजूंनी ताडपत्री बांधली आहे. आईची खोली भिंतीच्या पलीकडं.

उद्यमबाग_इलेक्ट्रिक
मग मी वर सांगितलेलं रेडीत ठेवायचं तिथं अजिबात करायचं नाही. इंजिन आपोआप लागतं. तुम्ही लॅपटॉपमध्ये डोकं घातलेलं, बाहेर पावसाचा आवाज, कळणारही नाही कधी लागलं ते. धूर बाहेर जाणार नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस उठत नाही. आणि भिंतीपलीकडं दम्याचा पेशंट. गाडी उघड्यावर काढा, सायलेन्सर घराच्या आणि खिडक्यांच्या उलट दिशेला, मागं चिखलाची किंवा गवताची ढीग नको. हे जमणार नसेल तर गाडीचा नाद सोडा.

चिकोडी_मेडिकल
यांचं शंभर टक्के ऐका.

रानवाट
गाडी सकाळीच अंगणात काढते. राउटरचा यूपीएस आणि पीडी चार्जर बेळगावात मिळतो म्हणे, भाऊ शनिवारी जातोय, बॅटरी पण तपासून आणेल. स्पेसरचं डॉक्टरांना उद्या फोन करून विचारते. एकच राहिलं. रेडीत ठेवून लॅपटॉप गाडीत चार्जिंगला लावला आणि मी घरात जेवायला गेले तर चालेल का?

उद्यमबाग_इलेक्ट्रिक
नको. रेडीत असलेली गाडी आवाज करत नाही, पण गिअर टाकला की सुटते. अंगणात पोरं असतात. तुम्ही गाडीत असाल तोवरच रेडीत. जेवायला जाताना बंद करा, चावी बरोबर न्या. पीडी चार्जरवर लॅपटॉप तासा-दीड तासात बऱ्यापैकी भरतो, तेवढा वेळ गाडीत बसून काम करा आणि मग घरात जाऊन त्याच्याच बॅटरीवर पुढचं. आणि भावाला सांगा, बॅटरी तपासताना नुसतं व्होल्टेज बघून सोडू नका म्हणावं, लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी, करून घ्या.