सोळा वर्षांची भाची आईशी बोलेनाशी झाली आहे आणि औषधेही चुकवते. घरच्यांनी काय करावे?

प्रश्न: खानापूर तालुक्यातील एक मामा

माझी भाची बेळगावात पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला आहे. तिला जन्मापासून एचआयव्हीची लागण आहे. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, स्वतःही एआरटी (एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी रोजची औषधे) घेते आणि तिची प्रकृती चांगली आहे. मेहुणे गोव्यात कामाला असत. मुलगी चार वर्षांची असताना ते वारले आणि तेव्हापासून बहीण दोन्ही मुलांसह आमच्याकडेच राहते. धाकटा भाचा तेरा वर्षांचा असून त्याला लागण नाही. ताईच्या गोळ्या रक्तवाढीच्या आहेत, एवढेच त्याला ठाऊक आहे.

भाचीला बाराव्या वर्षी समुपदेशकांनी सर्व समजावून सांगितले. तेव्हा ती इतकी शांत राहिली की तिने ते पचवले, असे आम्ही धरून चाललो. गेल्या वर्षभरात मात्र ती आईशी कामापुरतेही बोलत नाही. पितृपंधरवड्यात धाकटा वडिलांच्या म्हाळासाठी त्यांच्या गावी निघाला, तेव्हा ‘त्या माणसाचे नाव माझ्यासमोर काढू नका,’ असे ती म्हणाली. त्यानंतरच्या तपासणीत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, वाढलेला आला आणि डबीत बऱ्याच गोळ्या उरलेल्या सापडल्या. ‘अशाने तुझ्याशी लग्न कोण करणार?’ असे आजीने संतापून ऐकवले. आता रोज रात्री बहीण समोर उभी राहून तिला गोळी गिळायला लावते. भाचीला हॉस्टेलवर राहायचे आहे. तिला पाठवावे का, आणि मायलेकींमधला हा दुरावा कसा मिटवावा, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर: एआरटी सेंटरवर समुपदेशक म्हणून काम केलेली, बेळगाव

मामा, प्रथम एक गोष्ट आजच करा. ज्या माणसावर तिचा विश्वास आहे, त्याने तिला एकांतात सरळ विचारावे की जगणे नकोसे वाटते का. असे विचारल्याने तो विचार मनात शिरेल, ही भीती निराधार आहे. उत्तर होकारार्थी असेल, तर तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते आणि तेथे भाषा निवडण्याची सोय आहे. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या भागातील मुलांना कन्नड उत्तम येत असले, तरी मराठी माध्यमातून शिकलेली मुलगी मनातले दुखणे परक्या माणसासमोर कन्नडमधून मोकळेपणाने मांडू शकेलच असे नाही. सेंटरवरही मराठी बोलणाऱ्या समुपदेशकांची मागणी करायला संकोचू नका.

आता मूळ गोष्टीकडे येते. बाराव्या वर्षी सांगितले म्हणजे सांगणे संपले, असा समज बहुतेक घरांत असतो. शालेय वयाच्या मुलांना त्यांच्या आजाराची माहिती द्यावी आणि लहानांना ती वयाच्या बेताने टप्प्याटप्प्याने द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये सुचवले. पण बारा वर्षांच्या मुलीला विषाणू म्हणजे काय हे कळते, आणि तो आपल्याच वाट्याला का आला हा प्रश्न पंधराव्या-सोळाव्या वर्षी उभा राहतो. त्यात धाकटा भाऊ निरोगी. आपल्यापेक्षा तीन वर्षांनी जन्मलेला भाऊ वाचला आणि आपण वाचलो नाही, हा हिशेब तिने स्वतःशी नक्की मांडला असणार, आणि घरात कोणी काही बोलत नसल्यामुळे त्याचे उत्तरही तिने स्वतःच ठरवून टाकले असणार: आईला माझी पर्वा नव्हती.

खरी हकिकत बहुधा निराळी असेल. उपचार नसतील, तर आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते, म्हणजे एकाच आईचे एक मूल बाधित आणि दुसरे निरोगी असणे मुळीच विचित्र नाही. शिवाय २००९ च्या सुमारास खेड्यातील प्रत्येक गरोदर बाईची चाचणी होतच असे, असे नव्हते. सर्व बाधित गरोदर मातांना आयुष्यभराची एआरटी देण्याचे धोरण देशभर २०१४ पासून आले. आपल्या बहिणीला स्वतःच्या लागणीबद्दल केव्हा कळले, कोणी सांगितले, मुलाच्या वेळी औषधे मिळाली का, हे सारे तिने स्वतःच्या तोंडाने मुलीला सांगायला हवे. मी पाहिलेल्या बहुतेक आया हे टाळतात, कारण सांगताना नवऱ्याचा विषय निघतो आणि त्याबरोबर आपली लाजही. म्हणून हे बोलणे समुपदेशकांच्या उपस्थितीत व्हावे. आपण त्या वेळी बाहेर थांबावे. मामांसमोर मायलेकी मोकळेपणाने बोलणार नाहीत.

उत्तर: वय २३, निपाणी, मीही जन्मापासून एचआयव्हीसह जगतो

वरील उत्तर पटले, तरी एक भर घालतो. बोलणे झाले की राग जाईल, अशी अपेक्षा ठेवू नका. माझे आईवडील दोघेही लवकर गेले आणि विड्या वळणाऱ्या आज्जीने मला वाढवले. वडिलांवर मी कित्येक वर्षे रागावलेलो होतो, आणि मेलेल्या माणसाशी भांडता येत नसल्यामुळे तो सारा राग आज्जीच्या वाट्याला आला. तिने मला माफ करायला सांगितले नाही, हे तिचे माझ्यावर मोठे उपकार आहेत.

समोर उभे राहून गोळी गिळायला लावणे बंद करा, असे मी आग्रहाने सांगेन. ज्या घरात दिवसभरात आपल्याशी होणारे एकमेव संभाषण ‘गोळी घेतलीस का?’ एवढेच असते, तेथे गोळी चुकवणे हीच काय ती मुलाच्या हातातली सत्ता उरते. मोबाइलचा गजर तिचा तिला लावू द्या. तिची हरकत नसेल, तर दोघींनी आपापली गोळी एकाच वेळी, जेवण झाल्यावर घ्यावी. आईलाही तेच औषध घ्यावे लागते, हे रोज दिसण्याने बराच फरक पडतो.

हॉस्टेलचे म्हणाल, तर तेथे गोळ्या अधिक चुकतात, हा माझा अनुभव आहे. खोलीतली मुले विचारतील या धास्तीने मी कित्येक रात्री तशाच जाऊ दिल्या. पुढे सेंटरच्या डॉक्टरांना विचारून वेळ सकाळची करून घेतली आणि गोळ्या चिठ्ठी नसलेल्या साध्या डबीत ठेवू लागलो, तेव्हा निभावले. निदान पुढची तपासणी होईपर्यंत घरीच राहू दे, पण ते तिच्याशी बोलून ठरवा.

प्रत्युत्तर: प्रश्नकर्ते मामा

दोघांचेही आभार. भाचीला विचारले. जीव देण्याचा विचार मनात नाही, पण या घरात मी सगळ्यांवर ओझे आहे, असे ती म्हणाली. बहीण सेंटरवर एकत्र जाऊन बोलायला तयार झाली आहे. आता दोन अडचणी आहेत. धाकट्याला हे कोणी आणि केव्हा सांगावे? आणि आजीची समजूत कशी घालावी?

उत्तर: समुपदेशक, बेळगाव

ओझे आहे हे वाक्यही हलके घेऊ नका; ते सेंटरवर जसेच्या तसे सांगा आणि घरी तिच्यावर लक्ष असू द्या.

धाकट्याला सांगण्याचा निर्णय भाचीच्या संमतीवाचून घेऊ नये. ही माहिती तिची आहे आणि २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याचा रोखही हाच आहे की बाधित व्यक्तीची स्थिती तिच्या संमतीशिवाय इतरांना उघड होऊ नये. त्याच कायद्याने शिक्षणसंस्थांना भेदभाव करण्यास मनाई केली आहे, त्यामुळे उद्या हॉस्टेलचा विषय निघालाच, तर तेथे आपणहून काही सांगण्याचे बंधन आपल्यावर नाही. भावाला कळावे असे तिला वाटत असेल, तर तिनेच सांगावे, आईने शेजारी बसावे. मात्र एखाद्या भांडणात त्याच्या कानावर पडण्याआधी हे झालेले बरे.

आजींच्या मनात लग्नाची काळजी आहे आणि ती खरी आहे, म्हणून त्यांना गप्प करण्याऐवजी माहिती द्या. औषधे नियमित घेऊन व्हायरल लोड तपासणीत न सापडण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही आणि उपचारांखाली बाळाला लागण होण्याची शक्यता अत्यल्प असते. हे सेंटरच्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की म्हाताऱ्या माणसांना अधिक पटते. पण भाचीच्या समोर लग्नाचा विषय तूर्त कोणीच काढू नये; सोळाव्या वर्षी तिच्यापुढे पीयूसीची परीक्षा आहे.

व्हायरल लोड वाढलेला आल्यावर साधारण तीन महिने समुपदेशन करून तपासणी पुन्हा केली जाते, आणि तेव्हाही तो वाढलेलाच राहिला तर औषध बदलण्याचा विचार डॉक्टर करतात. तिला लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण एआरटीतील डोलुटेग्राव्हिर या औषधाबरोबर त्या रिकाम्या पोटी घेतल्या तर त्याचा परिणाम कमी होतो. त्या भेटीच्या वेळी डॉक्टरांच्या खोलीत तिला एकटीला जाऊ द्या.