‘घरांची गरज’ की ‘घरांची मागणी’?

पानोपानी: नागरी गृहनिर्माणावरच्या अहवालाचं भाषांतर चालू आहे. त्यात ‘हाउसिंग नीड’ आणि ‘हाउसिंग डिमांड’ एकाच परिच्छेदात, मुद्दाम वेगळ्या अर्थांनी आलेत. ‘गरज’ आणि ‘मागणी’ असं लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी दोन्हीकडे ‘मागणी’ केलं. कारण काय, तर सरकारी कागदात ‘मागणी सर्वेक्षण’ असतं. काय ठेवावं?

मोजणीदार: ‘गरज’ अजिबात सोडू नका. मागणीत इच्छेबरोबर ऐपत धरलेली असते, गरजेत नसते. अर्थतज्ज्ञ अमिताभ कुंडूंच्या अध्यक्षतेखालच्या केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये शहरी भारतात सुमारे १ कोटी ८८ लाख घरांची तूट काढली. त्यात बेघर जेमतेम ५.३ लाख. जवळजवळ दीड कोटी कुटुंबं डोक्यावर छप्पर असलेली, पण दाटीने राहणारी: विवाहित जोडप्याला स्वतंत्र खोली नाही. यातल्या बहुतेकांनी कुठे अर्जही केलेला नसतो. २०११ च्या जनगणनेत शहरांत १ कोटी १० लाखांवर घरं रिकामी होती. गरज आणि मागणी एकच असत्या, तर हे दोन आकडे शेजारी बसलेच नसते.

शब्दवेल्हाळ: ‘गरज’ अरबी, मूळ अर्थ हेतू. ‘मागणे’ संस्कृत ‘मार्ग्’वरून, म्हणजे शोधणे. स्थळाला मागणी घालतात ती त्याच शोधातून. त्या अर्थाने घर शोधणाऱ्याची ती मागणीच. नाहीतर ‘निकड’ घ्या, अस्सल शब्द आहे.

मोजणीदार: निकडीत घाई आहे. त्या गटाने ८० वर्षांवरची सगळी घरं तुटीत धरली, आणि ४० ते ८० वर्षांची मोडकळीला आलेली. तिथे राहणाऱ्याला घराची गरज आहे, पण तो आज रात्री उघड्यावर नाही. शब्द कुठला का असेना, अरबी म्हणून बाद करू नका.

टेबलखुर्ची: ‘मागणी सर्वेक्षण’ ही संज्ञा रूढ आहे, ती बदलू नये. पण त्यात मोजली जाते नोंदणी. पंतप्रधान आवास योजना (शहरी) २०१५ मध्ये आली तेव्हा अंदाज २ कोटींचा होता, सर्वेक्षणांनंतर १.१२ कोटी उरले. नोंदणीसाठी आधार, उत्पन्नाचा पुरावा आणि देशात कुठेही कुटुंबाच्या नावे पक्कं घर नसल्याचं शपथपत्र लागतं. भाड्याने राहून सतत खोल्या बदलणारा इथेच गळतो. पुढे सरकारी-खासगी भागीदारीतल्या प्रकल्पात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळाले, तरी उरलेल्या रकमेला कर्ज लागतं. पगारपत्रक नाही म्हणून बँक नकार देते, आणि सोडतीत लागलेलं घर परत जातं. म्हणून भाषांतरात तीन शब्द हवेत: गरज, नोंदलेली मागणी, परवडणारी मागणी.

शब्दवेल्हाळ: ‘परवडणारी मागणी’ हे मराठी नाही! घर परवडतं, मागणी कशी परवडेल? ‘ऐपतीची मागणी’ म्हणा.

टेबलखुर्ची: मान्य. पण ‘परवडणारी घरे’ इतकं रुळलंय की वाचणारा अडखळणार नाही.

चूलबंद: तुम्ही ‘कुटुंब’ गृहीत धरून चाललात. जनगणनेत एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. आवास योजनेत पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. आईवडील आणि दोन विवाहित मुलगे एका चुलीवर असतील, तर पहिल्या व्याख्येने एक कुटुंब, दुसरीने तीन. गरजेचा आकडा इथेच तिप्पट होतो. मराठीत ‘वेगळी चूल मांडणे’ आहेच, मग एकक म्हणून ‘चूल’च का नको?

मोजणीदार: कारण वेगळी चूल मांडायला आधी खोली लागते. दाटी मोजायची तर एकक जोडपं हवं, चूल नव्हे.

चूलबंद: एका खोलीत पडद्याआड दोन स्टोव्ह असतात. त्या दोन चुली की एक?

पानोपानी: माझ्या परिच्छेदात ‘हाउसहोल्ड’ही आहे. तिथे ‘कुटुंब’ लिहून ठेवलंय.

चूलबंद: ते आधी बदला.