कॅराव्हॅनला मागचा कॅमेरा बसवायचा आहे: तारेचा घ्यावा की बिनतारी?

रंकाळ्याकडची

नमस्कार मंडळी. निवृत्त झाल्यावर मी आणि यजमानांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून 14 फुटी ओढती कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर) बांधून घेतली असून ती आमच्या जुन्या डिझेल स्कॉर्पिओच्या हुकाला जोडतो. सांगाडा लोखंडी चौकोनी पाइपचा आहे, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आहे आणि मागच्या भिंतीला ओटा असल्यामुळे तिथे खिडकी ठेवलेली नाही. त्यामुळे गाडीच्या आतल्या आरशात आमच्याच कॅराव्हॅनच्या पांढऱ्या भिंतीशिवाय काहीही दिसत नाही, आणि बाहेरचे आरसे कितीही फिरवले तरी बरोबर पाठीमागची जागा झाकलेलीच राहते. गगनबावड्याहून परत येताना एक दुचाकीस्वार कळे गावापर्यंत आमच्या पाठीला चिकटून आला होता, हे आम्ही चहाला थांबल्यावर त्यानेच सांगितले तेव्हा कळले. त्याच आठवड्यात गल्लीत मागे घेताना कॅराव्हॅनचा डावा कोपरा विजेच्या खांबाला घासला.

त्यानंतर शहरातल्या एका अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून कॅमेरा बसवून घेतला. त्यांनी मोटारीला लावतात तोच कॅमेरा कॅराव्हॅनच्या रिव्हर्सच्या दिव्याला जोडून दिला. चित्र सतत फडफडते, रिव्हर्समध्ये असताना ब्रेक दाबला की पडदा काळा होतो, आणि पहिल्या पावसानंतर काचेच्या आतून वाफ धरली आहे. दुकानदार म्हणतात की कॅमेराच खराब निघाला, नवीन घ्या. नवीन घेण्यापूर्वी जाणकारांना विचारावे असे वाटले. तारेचा घ्यावा की बिनतारी, वीज कुठून घ्यावी, आणि तो केवळ मागे घेताना चालावा की प्रवासभर चालू ठेवता येईल?

जुना वायरमन

ताई, बस आणि ट्रकच्या बॉडीचे वायरिंग करण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यावरून सांगतो. आपण दिलेल्या लक्षणांत कॅमेऱ्याचा दोष फक्त वाफेपुरता आहे. बाकीचे दोन्ही दोष वायरिंगचे आहेत, आणि नवीन कॅमेरा त्याच तारेला जोडला तर तोही तसाच फडफडेल.

हिशेब सोपा आहे. रिव्हर्सचे 21 वॅटचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर खातात. स्कॉर्पिओच्या बॅटरीपासून कॅराव्हॅनच्या पाठीपर्यंत तार फिरवत नेली की सहज 15 मीटर होते, आणि जाण्यायेण्याची मिळून 30 मीटर. दुकानात मिळणारी अर्ध्या एमएमची वायर त्यासाठी वापरली असेल, तर जवळपास 3 व्होल्ट वाटेतच जिरतात. बल्ब थोडा मंद जळतो, ते कोणाच्या लक्षात येत नाही; कॅमेरा मात्र 10 व्होल्टच्या आसपास अडखळू लागतो. ब्रेक दाबल्यावर पडदा काळा होतो त्यावरून कळते की ब्रेकच्या दिव्यांचा आणि कॅमेऱ्याचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) एकच आहे आणि तो अशक्त आहे. पुष्कळ ठिकाणी अर्थची वेगळी तार न ओढता हुकाच्या गोळ्यावरच काम भागवलेले असते. त्या गोळ्याला आपण ग्रीस लावतो, वरून गंज चढतो, मग वीज परत जाणार कुठून?

खात्री करायची असेल तर एक लांब तार घेऊन कॅमेऱ्याचा अर्थ थेट स्कॉर्पिओच्या बॅटरीच्या निगेटिव्हला तात्पुरता जोडा आणि रिव्हर्समध्ये ब्रेक दाबून पाहा. चित्र स्थिर झाले तर दुकानदाराला नवीन कॅमेऱ्याचे पैसे देऊ नका.

कायमच्या कामासाठी कॅमेऱ्याला इग्निशनवरून स्वतंत्र वीज द्या: दीड एमएमची तार, तेवढीच जाड अर्थची तार, आणि बॅटरीजवळच 3 अँपिअरचा फ्यूज. रिव्हर्सच्या दिव्याशी संबंधच ठेवू नका. म्हणजे कॅमेरा प्रवासभर चालू राहील आणि आपल्याला ते दुचाकीस्वारही दिसतील. गाडीची वीज कॅराव्हॅनला देणारा सॉकेट सात पिनांचा असेल तर त्याच्या मूळ मांडणीत रिव्हर्सच्या दिव्यासाठी पिनच नसते, म्हणून लोक कुठली तरी पिन पळवतात आणि पुढे घोळ होतो. तेरा पिनांच्या सॉकेटमध्ये रिव्हर्ससाठी आठवी, कायम विजेसाठी नववी आणि इग्निशनच्या विजेसाठी दहावी पिन असते. चित्राची तार मात्र कोणत्याही परिस्थितीत या पिनांतून नेऊ नका, तिच्यासाठी चार पिनांचा स्क्रूचा जलरोधक कनेक्टर वेगळा घ्या.

भटकी जोडी

तारेचाच कॅमेरा घ्यावा, या वरील मताशी मी आदरपूर्वक असहमत आहे. आम्ही तीन पावसाळे बिनतारी कॅमेरा वापरत आहोत, आणि गाडी सोडताना एक प्लग कमी काढावा लागतो हे सुख लहान नाही. मात्र जुना अ‍ॅनालॉग बिनतारी मुळीच घेऊ नये, कारण त्यावर शेजारच्या वाहनाचे चित्र उमटू शकते. डिजिटल घ्यावा, जो आपल्याच पडद्याशी जुळवलेला असतो. प्रक्षेपकाचा अँटेना पत्र्याच्या आत ठेवला तर पत्रा लहरी अडवतो आणि चित्र तुटते, म्हणून अँटेना बाहेर पुढच्या बाजूला काढावा लागतो. हे आम्हाला फोंडा घाटात चित्र गेल्यावर समजले. शिवाय चित्र क्षणाच्या काही अंशाने उशिरा येते. रस्त्यावर त्याने बिघडत नाही, पण भिंतीपासून वीतभर अंतरावर मागे घेताना ते जाणवते.

शिरोळचा ऊसकरी

कॅराव्हॅनचा अनुभव मला नाही. परंतु कारखान्याच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून ऊस नेतो आणि दुसऱ्या ट्रॉलीच्या पाठीला कॅमेरा लावलेला आहे, म्हणून लिहितो. तीन वेळा तार तुटली, आणि तिन्ही वेळा ती जोडाजवळच तुटली. मापाची तार सरळ उभ्या वाहनावर घेतली की फसगत होते. ट्रॅक्टर पूर्ण डावीकडे वळवला, मग पूर्ण उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी ताण कुठे येतो ते खाली वाकून पाहिले तेव्हा कळले की जवळपास हातभर ढील कमी पडत होती. पण ढील सोडली की ती रस्त्याला घासते. अखेर मोठ्या ट्रेलरना असते तशी स्प्रिंगसारखी गुंडाळीची वायर घेतली आणि तिचा भार कनेक्टरवर न येता लोखंडी कडीवर यावा अशी बांधली. त्यानंतर दोन हंगाम तुटलेली नाही.

दुसरी गोष्ट धुळीची. सपाट पाठीच्या वाहनामागे हवा उलटी फिरते आणि धूळ, चिखल, पाणी सगळे पाठीवरच येऊन बसते. कॅमेरा खाली नंबरप्लेटजवळ लावला होता तेव्हा अर्ध्या तासात भिंग आंधळे व्हायचे. वर नेऊन छोटी पत्र्याची पापणी केली तेव्हा थांबले. आमच्याकडे मागची मोळी घसरून कॅमेऱ्यावर टेकते, तो त्रास आपल्याला नाही.

जुना वायरमन

ऊसकरी दादांची कडीची सूचना लाखमोलाची आहे. बिनतारीबद्दल इतकेच म्हणेन की त्यातही कॅमेऱ्याला वीज तारेनेच द्यावी लागते, तेव्हा अर्थचे काम चुकत नाही. कॅराव्हॅनला आतली स्वतंत्र बॅटरी असेल तर तिच्यावर चालवता येईल, पण मग गाडी उभी असताना कॅमेरा बंद करायला कोणी तरी आठवण ठेवली पाहिजे.

खरेदी करताना पडदा आणि कॅमेरा एकाच पद्धतीचे आहेत ना, हे दुकानातच जोडून पाहा; एएचडी (जास्त स्पष्ट चित्राच्या) कॅमेऱ्याचे चित्र साध्या पडद्यावर दिसत नाही. भोक पाडल्यावर रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेने तार कापू नये म्हणून बसवायची कडी) घाला आणि व्हिनेगरचा वास येणारा सिलिकॉन टाळून पॉलियुरेथेन सीलंट वापरा, कारण तो सिलिकॉन धातू खातो. तार भोकात शिरण्यापूर्वी खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तारेवरून ओघळून आत न जाता त्या वळशावरून गळून पडेल. पडद्यावरच्या रंगीत रेषांवर विश्वास ठेवू नका, त्या मोटारीच्या उंचीसाठी आखलेल्या असतात आणि आठ फूट उंचीवरून त्यांचे अंतर पूर्णपणे चुकते. त्याऐवजी कोन असा ठेवा की चौकटीच्या तळाशी स्वतःच्या बंपरची कड दिसेल.

रंकाळ्याकडची

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांनी काल सायंकाळी लांब तारेची परीक्षा केली आणि ब्रेक दाबल्यावरही चित्र हलले नाही. हुकाखाली पाहिले तर अर्थची तार खरोखरच नव्हती. त्यामुळे तारेचाच कॅमेरा ठेवत आहोत, परंतु वाफ धरलेला बदलून नवीन घेऊ.

एक शंका उरली. स्कॉर्पिओला आम्ही मागाहून पार्किंग सेन्सर लावले आहेत. कॅराव्हॅन जोडून रिव्हर्स टाकला की ते अखंड किंचाळतात.

भटकी जोडी

ते हुकाला आणि कॅराव्हॅनच्या दांड्यालाच अडथळा समजतात. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना हे सेन्सर सक्तीचे झाल्यामुळे आता बहुतेक ओढणाऱ्यांचा हाच अनुभव आहे. सेन्सरच्या विजेच्या तारेत एक छोटा स्विच टाका आणि तो केवळ कॅराव्हॅन जोडल्यावर बंद करा. आमच्या स्विचवर यजमानांनी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे, कारण कॅराव्हॅन सोडल्यावर तो पुन्हा चालू करायचे दोनदा राहून गेले होते.

रंकाळ्याकडची

ठिपक्याची कल्पना उचलते. ब्रॅकेट आज बसले, पण पडद्यावर बंपरची कड अजून दिसत नाही. रविवारी स्क्रू सैल करून दोन बोटे खाली वाकवू, आणि मग त्याच खांबाच्या गल्लीत मागे घेऊन पाहू.