'इस्टेट'ला जहागीर म्हणावे का?

प्रश्न : इंग्लंडमधल्या कॅव्हेंडिश घराण्यावर, म्हणजे डेव्हनशरच्या ड्यूकांवर, लेख लिहितोय. डर्बीशरमधला चॅट्सवर्थचा वाडा, भोवतालची शेतं, कुळं, एन्झरसारखी गावं (लिहितात एडन्सॉर, म्हणतात एन्झर!) या सगळ्याला मिळून तिकडे 'इस्टेट' म्हणतात. मी 'जहागीर' लिहिलं, संपादकांनी खोडलं. काय चुकलं?

— जहागीर कुणीतरी दिलेली असते. चाकरी करायची, त्याबदल्यात गावांचा वसूल खायचा; धनी रागावला की जप्ती. चॅट्सवर्थ विकत घेतलेलं आहे. 1549 मध्ये सर विल्यम कॅव्हेंडिश आणि त्याची बायको बेस ऑफ हार्डविक यांनी 600 पौंडांना घेतलं. तेव्हा घराण्यात ना अर्ल होता ना ड्यूक. अर्लपद आलं 1618 मध्ये आणि ड्यूकपद 1694 मध्ये. 1688 साली ऑरेंजच्या विल्यमला (पुढे इंग्लंडचा राजा झाला तो) बोलावणं धाडणाऱ्या सात जणांत चौथा अर्ल होता, त्याचं ते फळ. आधी जमीन, मग किताब. शिवाय किताब डेव्हनशरचा आणि वाडा डर्बीशरात!

— विकत घेतलं खरं, पण पैसा कुठला? राजा आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले, त्या कामावर हा विल्यम कॅव्हेंडिश होता. चाकरीतच घर भरलं.

— तरी जहागीर नाहीच.

— मग 'वतन'?

— वतनाला काम चिकटलेलं असतं, पाटीलकी, कुलकर्णीपण. आणि वतनाच्या वाटण्या होतात, भाऊबंदकी होते. तिथे मुख्य मिळकत थोरल्याकडेच. आपल्यासारखी थोरली पाती-धाकटी पाती असती तर चॅट्सवर्थचे केव्हाच तुकडे पडले असते. उलट लग्नांमुळे ते वाढलं. पुढे चौथा ड्यूक झालेल्या विल्यमने 1748 मध्ये शार्लट बॉइलशी लग्न केलं आणि तिच्या माहेरचा आयर्लंडातला लिस्मोर किल्ला, यॉर्कशरातलं बोल्टन ॲबी घराण्यात आलं. 'आंदण' म्हणू नका हं, ती बापाची वारस होती.

— सरळ 'इस्टेट' लिहा की. मराठीच शब्द आहे आता.

— आहे, पण अर्थ सरकलाय. आपली 'बापाची इस्टेट' म्हणजे फ्लॅट, दागिने, बँकेतली ठेव, सगळंच. 1953 ते 1985 आपल्याकडे जी 'इस्टेट ड्यूटी' (माणूस वारल्यावर त्याच्या मालमत्तेवरचा कर) होती, तिच्यातली इस्टेट हीच. तुमच्या लेखात दहावे ड्यूक येणारच. त्यांनी मालमत्ता मुलाच्या हवाली केली होती, पण तिथला असाच कर चुकायला आणखी पाच वर्षं जगणं भाग होतं. नोव्हेंबर 1950 मध्ये, मुदतीला काही आठवडे उरले असताना ते वारले. 80 टक्के कर बसला आणि त्यापायी बेसने बांधलेला हार्डविक हॉलसुद्धा हातचा गेला. तिथे 'इस्टेटीवर कर' लिहिलंत तर वाचकाला वाटेल, फक्त चॅट्सवर्थच्या जमिनीवर.

— थोडं विषयांतर. आमच्या जळगावची बसराई आणि ग्रँड नैन केळी कॅव्हेंडिश गटातलीच. सहाव्या ड्यूकच्या काचघरात पॅक्स्टन नावाच्या माळ्याने ती वाढवली, म्हणून हे नाव. पुढे लंडनचा काचेचा क्रिस्टल पॅलेस उभारला तोच हा माळी.

— प्रश्नकर्ता : झकास, केळं लेखात घेतो! मग जमिनीला 'चॅट्सवर्थची इस्टेट', कराच्या जागी 'मालमत्ता'. आणि 'कूळ' चालेल ना?

— चालेल. फक्त आपल्या वाचकाला कूळ म्हटलं की कुळकायदा आठवतो. तिथली कुळं अजून कुळंच आहेत, जमीनमालकाला खंड भरतात, एवढं एका ओळीत सांगून टाका.