मदत हवी आहे: हलकी १७ इंची चाकं की रुंद १८ इंची? वजनाचा हिशेब तपासून द्याल का?

नमस्कार मंडळी,

माझी दोन दारांची, मागच्या चाकांना ताकद देणारी स्पोर्ट्‌स कार आहे. चालकासकट वजन साधारण १,३५० किलो. टायर संपत आलेत, तेव्हा रिम्सही बदलायच्या म्हणतो. गाडी जास्त करून घाटासारख्या वळणांच्या रस्त्यांवर चालते, अधूनमधून ट्रॅकवर. सरळ रेषेत कोण पुढे, यात मला रस नाही. वळणात गाडी हाताला किती कळते हे मला महत्त्वाचं.

पर्याय दोन आहेत. एक, टायर मूळ मापाचेच, २१५/४५ आर१७ (रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची), पण रिम फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेली. दोन, २२५/४० आर१८ टायर आणि कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेली रिम. काट्यावर सध्याची रिम ९ किलो भरली, टायर साडेनऊ. फोर्ज्ड रिम ७ किलोची आहे. १८ इंची रिम ११ किलोची आणि तिचा टायर साडेदहाचा. म्हणजे दोन पर्यायांत दर चाकामागे ५ किलोंचा फरक.

आता अडचण. ‘चाकावरचा एक किलो म्हणजे बॉडीवरचे चार’ असं जिथे तिथे ऐकतो, काही जण तर दहावर जातात. मी गणित मांडलं तर तसं येत नाही. चाक गाडीबरोबर पुढे जातं आणि स्वतःभोवती फिरतं. सगळं वजन अगदी बाहेरच्या कडेला आहे असं धरलं, तरी फिरवायला लागणारी ऊर्जा पुढे न्यायला लागणाऱ्या ऊर्जेइतकीच भरते. एका किलोचे फार तर दोन झाले. मग हे चार येतात कुठून? माझं काही निसटतंय का? आणि प्रवेग सोडून पकडीचं काय?

प्रतिसाद १

तुमचं गणित बरोबर आहे. प्रवेगापुरतं बोलायचं तर दोनाच्या वर जाताच येत नाही. उलट रिमच्या बाबतीत आकडा बराच खाली येतो, कारण रिमचं बरंचसं वजन हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्याशी, आणि आऱ्यांमध्ये असतं आणि तिची बाहेरची कडासुद्धा टायरच्या कडेपेक्षा खूप आत असते. मी रिमच्या एका किलोला साधारण १.३ ते १.४ धरतो, टायरच्या किलोला १.८. त्या हिशेबाने फोर्ज्ड रिमने मूळ चाकांपेक्षा सुमारे ११ किलो वाचल्यासारखे होतील आणि १८ इंचीने १८ किलो वाढल्यासारखे. दोन्हींतलं अंतर २९ किलो, म्हणजे तुमच्या गाडीच्या दोन टक्क्यांच्या जरा वर. शून्य ते शंभरला साडेसहा सेकंद लागत असतील तर फरक साधारण ०.१४ सेकंदाचा.

लोक रिमच्या वजनावर तासन्‌तास बोलतात आणि टायर मात्र नुसता ब्रँड बघून घेतात, हे मला पटत नाही. एकाच मापाच्या दोन टायरांत किलोभराचा फरक सहज सापडतो, आणि तो किलो सगळ्यात बाहेर फिरत असतो. आधी टायर तोला.

प्रतिसाद २

पकडीबद्दल. तिथे तुलना पूर्ण गाडीच्या वजनाशी करायचीच नाही, ती स्प्रिंगखालच्या वजनाशी करायची. चाक, ब्रेकची डिस्क आणि कॅलिपर, हब आणि सस्पेन्शनच्या आर्म्सचा निम्मा भाग धरला तर तुमच्या गाडीच्या एका कोपऱ्यात साधारण ४० किलो असतील. त्यातले २ किलो गेले म्हणजे ५ टक्के गेले. बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला एक-दोन वेळा हलते, चाक मात्र १० ते १५ वेळा उडू पाहतं. ते जितकं हलकं, तितकं डॅम्परला (शॉक अॅब्झॉर्बरला) त्याला रस्त्यावर दाबून ठेवणं सोपं. ओबडधोबड वळणात टायरवरचा भार कमी-जास्त होतो तो इथे, आणि भार असा हेलकावला की पकड सुटते. गुळगुळीत ट्रॅकवर हा फायदा आक्रसतो. तिथे १० मिलिमीटर रुंद टायर जिंकू शकतो.

‘एकाचे चार’ हे बहुतेक या दोन वेगळ्या परिणामांची सरमिसळ होऊन आलं असावं. ब्रेकिंगमध्ये तर टायरच्या पकडीची मर्यादा आधी येते, त्यामुळे फिरत्या जडत्वाने थांबायचं अंतर फारसं वाढत नाही. डिस्क थोडी जास्त तापते इतकंच.

गाडी बनवणारेही हे जपतात. एमएक्स-५ च्या चौथ्या पिढीत माझदाने पाचाऐवजी चार नटांचं चाक परत आणलं ते वजनासाठीच. फोर्डने शेल्बी जीटी३५०आर ला कार्बन फायबरची चाकं दिली तेव्हा एक चाक सुमारे १५ किलोंवरून ८ वर आणलं होतं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रिम आणि टायरचे आकडे वेगळे धरायचे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एक उपप्रश्न: १८ इंची चाकं लावलेली याच मॉडेलची गाडी मी चालवून पाहिली. तिसऱ्या गियरमध्ये ती चांगलीच मंद वाटली, दोन टक्क्यांपेक्षा जास्त. हा भास आहे का?

प्रतिसाद ३

भास नाही. व्यास काढून बघा: २१५/४५ आर१७ चा येतो ६२५ मिलिमीटर, २२५/४० आर१८ चा ६३७. जवळजवळ दोन टक्के मोठा. म्हणजे त्याच गियरमध्ये रस्त्यावरचा जोर दोन टक्के कमी. वजनाइतकाच परिणाम नुसत्या मापाने झाला, आणि तो काट्यावर दिसत नाही. १८ इंचीच घ्यायची असेल तर आधी व्यास जुळवा.

हलक्या रिमबाबत कळकळीने सांगतो, फक्त वजन बघून घेऊ नका. रिमवर कोरलेली भारक्षमता एक्सलच्या कमाल भाराच्या निम्म्याहून जास्त हवी, जेडब्ल्यूएल या जपानी सुरक्षा मानकाची खूण हवी. टायरचा लोड इंडेक्स (तो किती भार पेलतो याचा सांकेतिक आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. ८७ असेल तर तो ५४५ किलो पेलतो. रेज कंपनीच्या टीई३७ या फोर्ज्ड रिमच्या नावातले ३७ हे १५ इंची रिमच्या ३.७ किलोंवरून आले आहेत, पण ते वजन फोर्जिंगमुळे जमलं. कास्टिंगमध्ये तेवढं वजन उतरवायला गेलात तर खड्ड्यात तडा ठरलेला. ऑफसेटही (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या भागाचं अंतर) मूळच्या जवळ ठेवा, नाहीतर स्टिअरिंगचा जो स्वभाव तुम्हाला जपायचाय तोच बदलेल.

धागाकर्ता

ठरलं, फोर्ज्ड १७ इंचीच. आता प्रश्न टायरचा उरला. २१५/४५ आर१७ मापाचा कोणताही टायर रिमवर चढवण्याआधी कोणी तोलला असेल, तर मॉडेल, लोड इंडेक्स आणि वजन इथे लिहा. टायर नवा होता की झिजलेला तेही सांगा, कारण पूर्ण झिजेपर्यंत ट्रेडचं किलोभर रबर तरी जातंच.